मधात जागा हाये

आमच्या आर्णीच्या मंडळीत शेवटचा बाक सगळ्यात आधी भरतो. इतर ठिकाणीही असंच होत असेल, पण आमच्याकडे त्यात शिस्त आहे. म्हाताऱ्या भिंतीला टेकून, लेकुरवाळ्या दाराशी, आणि पुरुषमंडळी बरोबर पंख्याखाली. पाळकसाहेबांच्या तोंडासमोरचे चार बाक रिकामे. हे रिकामे बाक प्रभुदासमामा शेंड्यांना बघवत नसत. रविवारी साडेनवाला ते दारात उभे राहायचे. पांढरा शर्ट, इस्त्रीची खाकी पँट, कानावर पेन. येणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीला हलका हात लावून म्हणायचे, "चला, पुढं सरका. दारात गर्दी नोका करू. मधात जागा हाये."

मामा बत्तीस वर्षं लाल गाडीवर कंडक्टर होते. आर्णी-यवतमाळ, आर्णी-दिग्रस, आणि आठवड्यातून दोनदा माहूरची मुक्कामी गाडी. निवृत्त झाल्यावर डेपोनं त्यांची पेटी परत घेतली, बिल्ला परत घेतला, आवाज मात्र त्यांच्याकडेच राहिला. आवाज काय होता महाराजा. उपासनेला लाऊडस्पीकर बंद पडला तर पाळकसाहेब वचन हळूच वाचायचे आणि मामा ते मागच्या बाकापर्यंत पोहोचवायचे.

एकदा यवतमाळहून मोठे साहेब आले, आसपासच्या सगळ्या मंडळ्यांवर देखरेख करणारे. आम्ही हार घेऊन आत सज्ज होतो आणि साहेब स्वागताची वाट बघत दारातच थांबले. मामांनी त्यांच्या पाठीला हात लावला. "साहेब, तुमच्या मांगं सात जन उभे हायेत. मधात सरका." साहेब मुकाट्यानं जाऊन तिसऱ्या बाकावर, मामांनीच पुढे सरकवलेल्या दोन म्हाताऱ्यांच्या मधे बसले. हार त्यांना तिथेच घालावा लागला. नंतर पाळकसाहेबांनी मामांना बाजूला घेऊन समजावलं, की अहो, ते कोण होते माहीत आहे का. मामा म्हणाले, "मले काय मालूम? त्यायनं पास कोठं दाखवला?"

मी या मंडळीची सेक्रेटरी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे मला माणसांना गप्प बसवता येतं असा मंडळीचा समज आहे. मामा मला मास्तरीणबाई म्हणायचे आणि दर रविवारी न चुकता विचारायचे, "काय मास्तरीणबाई, आज तरी मधात बसता का?" मी खिडकीशी बसत असे. अजूनही बसते, खोटं कशाला बोलू.

पण मामांचं खरं राज्य मे महिन्यात. सुट्टी लागली की दहा दिवस आमच्या आवारात उन्हाळी शाळा भरते. गाणी, शास्त्रातल्या गोष्टी, वचनं पाठ करणं, कागदाच्या वस्तू, थोडे खेळ. दहाच्या पुढे हापशीचा दांडा हाताला चटके देतो म्हणून वेळ सकाळी सात ते दहा. कडुनिंबाखाली सतरंज्या, तीन माठ, मामींच्या हातचं पन्हं, आणि प्रत्येक पोराच्या खिशात ऊन लागू नये म्हणून एक कांदा. खिशात कांदा नसलेल्या पोराला मामा फाटकातून आत घेत नसत. मंडळीची पोरं जेमतेम वीस, पण गल्लीतल्या आया आपापली पोरं स्वतः आणून सोडायच्या. एकजण तर दरवर्षी हात जोडून म्हणायची, "मामा, तीन घंटे सांभाळा बाप्पा, मले भांडे तरी घासू द्या."

सतरंज्या बसच्या हिशोबानं घातलेल्या असत. तीन जण इकडे, दोन जण तिकडे, मधून चालायला वाट. मामांनी भंगारवाल्याकडून मोडीत निघालेल्या गाडीची घंटी मिळवली होती. ती कडुनिंबाला टांगून तिची दोरी ओसरीतून थेट उपासनामंदिराच्या दारापर्यंत ताणली होती. नियम गाडीचाच. एक घंटी म्हणजे थांबा. दोन घंट्या म्हणजे चला. वचन पाठ झालं की जुन्या लग्नपत्रिकांतून कापलेल्या तिकिटावर मामा आपल्या चिमट्यानं भोक पाडायचे. आणि कुणी न सांगता एखादं काम केलं, माठ भरला, लहानग्याचं नाक पुसलं, तर भोकं दोन. आमच्या घरी एका कपाटात अशी भोकं पडलेली तिकिटं अजून आहेत, माझ्या मुलीची. ती आता पुण्यात नोकरी करते आणि ती तिकिटं टाकू देत नाही.

या शिस्तीनं एकदा आमची चांगलीच फजिती केली. उन्हाळी शाळेच्या मधला रविवार होता. पोरं पुढच्या बाकांवर अगदी देवदूतासारखी बसली होती आणि पाळकसाहेबांचा संदेश ऐन रंगात आला होता. विषय होता, प्रभूच्या समोर स्थिर राहणे. तेवढ्यात बाहेर रस्त्यावर कुल्फीवाला आला आणि त्यानं आपली घंटी वाजवली. टण टण. दोन. पस्तीस पोरं एकदम उठली, रांग केली आणि अत्यंत शिस्तीत मधल्या वाटेनं बाहेर निघून गेली. एकानंही मागे वळून पाहिलं नाही. पाळकसाहेब हात वर केलेल्या अवस्थेत तसेच उभे. मामा दारातून धावत बाहेर गेले, आणि पोरांना ओरडायचं सोडून कुल्फीवाल्यालाच म्हणाले, "बाबू, तू लायनीवर नवा हायेस काय? सिंगल मारत जाय ना मंडळीपाशी." तो बिचारा तेव्हापासून आमच्या फाटकासमोर एकच घंटी मारतो.

हे सगळं हसण्यासारखं होतं आणि आम्ही हसत होतोच. पण शाळेची शेवटची पाच मिनिटं हसण्याची नसत. मामा त्याला 'गाडी पाह्यनं' म्हणत. पाळकसाहेब ज्याला मनन म्हणतात आणि ज्यावर ते चाळीस मिनिटं बोलू शकतात, तेच हे. पहिल्या दिवशी मामा दरवर्षी एकच गोष्ट सांगायचे, त्याच शब्दांत.

"मी नोकरीले लागून दोन वर्षं झालते. माहूरची गाडी आणली. नाताळाची घाई होती, तं मी गाडी न पाह्यताच उतरून घरी गेलतो. मांगच्या सीटखाली एका पोरीची थैली राह्यलती. थैलीत तिची मार्कशीट, टीसी, सारे कागद. सकाळी गाडी धुतली. दुपारी ते पोरगी बापासंगं आली. म्या तिच्या हातात कागदाचा लगदा देल्ला. नर्सिंगले नंबर लागलता तिचा. वर्ष गेलं पोरीचं. ते रडली नाई, नुसती पाहत राह्यली. ते मले अजून दिसते."

मग घंटीची दोरी हातात घेऊन मामा पुढे सांगायचे.

"तवापासून एकही गाडी म्या पाह्यल्याबिगर सोडली नाई. मंग एक दिवस मनात आलं, प्रभुदास, गाडी तं रोज पाह्यतं, सोताले कधी पाह्यतं? तं पोट्टेहो, आता डोळे मिटा. सकाळी उठल्यापासून आतापर्यंत, पह्यल्या सीटपासून शेवटच्या सीटपर्यंत चालत जा. कोणाचं काय राह्यलं ते खाली वाकून पाहा. सापडलं तं आजच्या आज ज्याचं त्याले नेऊन द्या."

मग एक घंटी. कडुनिंबाखाली पाच मिनिटं चिमण्यांशिवाय कुणाचा आवाज नाही. दोन घंट्या झाल्या की कुणी दप्तरातून दुसऱ्याचा खोडरबर काढून द्यायचं, कुणी सरळ घरी पळायचं. एका मुलीनं तर घरी जाऊन आजीला सांगितलं होतं, की तुझा चष्मा मीच लपवला होता. ती आजी दुसऱ्या दिवशी चष्मा घालून आमचं मनन बघायला आली.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मामांचा घसा बसला तो उतरेना. नागपूरला तपासण्या झाल्या आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. तरुणपणी सुपारी-तंबाखूचा खर्रा खाल्लेला, नंतर सोडला, पण तो सोडून गेला नव्हता. गळ्याला बोलण्यासाठी लावायचं एक यंत्र डॉक्टरांनी दिलं होतं. मामांनी ते एकदा लावून पाहिलं आणि परत केलं. मामा आर्णीला आले तेव्हा गळ्यावर एक पांढरा रुमाल बांधलेला होता. रविवारी तसेच दारात उभे राहिले, पाठीला हात लावत राहिले. लोक हसून हात जोडायचे, तब्येत विचारायचे आणि पुन्हा शेवटच्या बाकावर जाऊन बसायचे.

एप्रिलच्या शेवटी कमिटी बसली. पाळकसाहेब, तीन पंच, मी, आणि पंच म्हणून स्वतः मामा. मी ठराव लिहून आणला होता. "वाढते तापमान व श्री. प्रभुदास शेंडे यांची प्रकृती लक्षात घेता यंदाची उन्हाळी शाळा स्थगित ठेवण्यात यावी." भाषा माझी होती. चांगली भाषा होती. ऊन काही नवं नव्हतं आणि मामांची प्रकृती आता बरी होती, हे सगळ्यांना माहीत होतं. बिनआवाजाचा माणूस पन्नास पोरं कशी आवरणार हे आम्हाला उमगत नव्हतं, आणि पोरं त्यांना हसली तर ते आम्हाला बघवलं नसतं. हे लिहायचं धैर्य नव्हतं, म्हणून तापमान लिहिलं.

मामांनी हात पुढे करून वही मागितली. ओळीवर बोट ठेवत सावकाश वाचलं. वही परत सरकवली. पाळकसाहेबांनी सहीसाठी पेनचं टोपण काढलं, आणि मामांनी टेबलावर बोटाच्या पेरानं वाजवलं. टक. एकदाच.

पाळकसाहेबांचा हात जागच्या जागी थांबला. आम्ही सगळेच थांबलो. मामांनी कानावरचं पेन काढलं, गाण्यांच्या एका जुन्या कागदामागे लिहिलं आणि तो कागद पाळकसाहेबांपुढे ठेवला. त्यांनी मोठ्यानं वाचला. "सोमवारी एक दिवस भरवून पाहा. गाडी चालली नाही तर मी स्वतः उतरतो." ठरलं, की एक दिवस बघायचं, मी हजर राहायचं, आणि गोंधळ झाला तर संध्याकाळी ठरावावर सही करायची.

शनिवारी मामी मला बाजारात भेटल्या. आधी हसल्या. "घरात भांडाची मजाच गेली बाई. बोलाचंही मीच अन् हाराचंही मीच." मग कोथिंबिरीची जुडी हातात तशीच धरून म्हणाल्या, "तुमी सही करून टाकाल तं करा. पन एक सांगतो. पोट्टे हातातून गेले ना, तं हा मानूस रविवारी दारातही उभा नाई राह्यचा. मंग घरातून बाहीरच नाई निंघाचा." मी घरी जाऊन शिट्टी शोधून ठेवली.

सोमवारी पावणेसातला पोचले तर मामांनी माठ भरलेले, सतरंज्या घातलेल्या, घंटीला तेल दिलेलं. त्यांनी माझ्या गळ्यातल्या शिट्टीकडे पाहिलं आणि खिशातून एक कांदा काढून माझ्या हातावर ठेवला.

पोरं आली. पन्नासच्या वर आली, कारण गल्लीत बातमी पसरली होती की मामा मुके झालेत, आणि मुका मामा कुणाला बघायचा नसतो? निम्मी नवी होती. ढकलाढकली, पाण्याची उडवाउडवी, कांद्यांची फेकाफेक. मी शिट्टी ओठांपर्यंत नेली. तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरची दोन वेण्यांची एक नवी पोरगी उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारती झाली, "मामा, तुमचा आवाज कोठं गेला?"

आता आली का पंचाईत, असं मला झालं. मामांनी गळ्याच्या रुमालाला हात लावला. मग खांद्यावरून मागे, नागपूरच्या बाजूला बोट दाखवलं. मग वाकून पहिल्या सीटखाली पाहिलं, दुसऱ्या सीटखाली पाहिलं, एका पोराची चप्पल उचलून तिच्याखाली पाहिलं, आणि दोन्ही हात रिकामे करून दाखवले. राहून गेला, काय करता. पोरं खदखदून हसली. आम्ही ज्या हसण्याला महिनाभर भीत होतो ते हेच हसणं, आणि मामा सगळ्यांत जास्त हसत होते, खांदे हलवत, आवाज न करता.

मग त्यांनी दोरी ओढली. एकच घंटी. जुनी पोरं जिथल्या तिथे थिजली, आणि नव्यांना त्यांनी कोपरानं ढोसून थिजवलं. मी शिट्टी काढून पिशवीत टाकली.

त्या दिवशीची गोष्ट होती प्रभूनं वादळ शांत केलं ती. मामांनी ती हातांनी सांगितली. नाव केली, वल्ही मारली, घाबरलेली माणसं केली. पोरं ओरडून ओरडून ओळखत होती. वारा कुणी करायचा असं मामांनी हातानं विचारलं तर पन्नास पोरांनी वारा केला, लाटा केल्या, विजा केल्या. रस्त्यावरचे लोक फाटकाशी थांबले. पाळकसाहेब घरातून बनियनवरच ओसरीत आले. वादळ टिपेला गेलं, आणि मामांनी उभं राहून एक हात पुढे केला, दुसऱ्या हातानं दोरी ओढली. टण. सगळं शांत. इतक्या वर्षांत ही गोष्ट मी कितीदा तरी ऐकली आणि शिकवली आहे. ती शांतता मला पहिल्यांदा त्या दिवशी ऐकू आली.

दहाला पाच कमी असताना गाडी पाहायची वेळ झाली. हे शब्दांचं काम होतं, म्हणून मी उठले. पह्यली सीट, शेवटची सीट, मला सगळं पाठ होतं. मामांनी तळहात दाखवून मला खाली बसवलं. त्यांनी स्वतःचे डोळे मिटून दाखवले, पोरांनी मिटले. मग मामा चालायला लागले. पहिल्या सतरंजीपासून, मधल्या वाटेनं, अगदी हळू. दोन पावलं टाकायची, डावीकडे वाकायचं, उजवीकडे वाकायचं, पुन्हा दोन पावलं. बत्तीस वर्षं रिकाम्या गाडीत चालले असतील तसे. चपलांचा आवाज पुढून येत होता, जवळ येत होता, मागे जात होता. मीही डोळे मिटले होते. माझ्या शेवटच्या सीटखाली ती ठरावाची वही होती, आणि तिथे ती मीच ठेवली होती. मला रडू आलं. पोरांना दिसलं नाही, मामांना दिसलं असावं, कारण चपला माझ्यापाशी जरा थांबल्या.

दोन घंट्या झाल्या. एका पोरानं मघाशी फेकलेला कांदा शोधून ज्याचा त्याला दिला. मी पिशवीतून वही काढली, ठरावावर आडवी रेघ मारली आणि खाली 'रद्द' लिहिलं. पाळकसाहेबांनी बनियनवरच सही केली.

शाळा दहा दिवस भरली. त्यानंतर पंधरा दिवसांत त्यांची मुलगी मामा-मामींना पुढच्या उपचारांसाठी नागपूरला घेऊन गेली, आणि थंडीत मामा तिकडेच प्रभूकडे गेले. त्यामुळे त्यांना मी मन भरून पाहिलं ते समारोपाच्या रविवारी. त्यांची आठवण निघाली की मला तोच रविवार दिसतो.

त्या दिवशी पोरांचा कार्यक्रम होता, म्हणून गल्लीच लोटली होती. आया, आज्या, कामावरून आलेले बाप. यातले बरेच जण उपासनामंदिराच्या आत कधी आलेले नव्हते. ते दारातच अडकले, एकमेकांच्या मागे लपत. मामा तिथेच उभे होते. पांढरा शर्ट, खाकी पँट, गळ्यावर धुतलेला रुमाल. त्यांनी एकाच्या पाठीला हात लावला, तो हसला आणि तिथेच राहिला. दुसऱ्याला लावला, त्यानं हात जोडले. मामांचे ओठ हलले, सवयीनं. सगळे शब्द ओठांवर दिसले, बाहेर काहीच आलं नाही. गर्दी दारातच. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी सांगायला उठणार तोच पुढच्या बाकावरची ती दोन वेण्यांची पोरगी मागे वळली. मग तिच्या शेजारचा वळला, मग सगळेच. पन्नास-साठ पोरांनी एका दमात, मामांच्याच चालीवर, 'मधात' हा शब्द त्यांच्यासारखाच लांबवून म्हटलं, "चला, पुढं सरका. दारात गर्दी नोका करू. मधात जागा हाये."

आख्खं दार हललं. आया हसत आत आल्या, बाप चपला काढून आत आले. भांडी घासायला वेळ मागणारी आली, चष्मेवाली आजी आली. कुल्फीवाला गाडी फाटकाशी लावून आला आणि त्याच तिसऱ्या बाकावर जाऊन बसला. पुढचे चारही बाक भरले. खिडकीशी माझी जागा गेली, मी मधे जाऊन बसले.

दारात मामा एकटे उरले. त्यांनी पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सावकाश नजर फिरवली. मला वाटतं, कुणाचं काही राहिलं नाही ना, हेच पाहत असावेत. मग त्यांनी रुमालाच्या टोकानं डोळे पुसले, दोरी धरली आणि दोनदा ओढली.